नाना पीत नव्हते

"बठ्ठा बसनात का?" गाडी सुरू करण्याआधी नाना मागे वळून विचारायचे. माझ्या घंटीवर त्यांचा विश्वास नसे. सगळे बसल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघत, मगच गिअर टाकत. असा एखादा ड्रायव्हर तुम्हीही पाहिला असेल. जळगाव-यावल रस्त्यावर नऊ वर्षं मी त्यांचा कंडक्टर होतो.

नाना धरणगावचे. सुपारीचंही व्यसन नाही. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या तोंडाला वास आला, तर ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसत.

म्हणून त्यांची चाल बिघडली तेव्हा आगारात त्यांचं हसं झालं. पाय फाकवून चालायचे, वळताना खांब धरायचे. जीभही जड झाली. "नानांनी म्हातारपणी सुरू केली," कुणीतरी म्हणालं. नाना स्वतःच साहेबांच्या टेबलापुढे गेले, फुंकर मारायचं यंत्र मागून घेतलं आणि तीनदा फुंकले.

"आते सांगा, मी पेस का?"

यंत्रात काही आलं नाही. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

मग एकदा तापीच्या पुलावर समोरून केळीचा ट्रक आला. नानांनी गाडी बाजूला घेतली, पण जास्तच. आरसा कठड्याला घासून फुटला. बाया किंचाळल्या. पूल ओलांडून गाडी उभी केल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "भाऊ, आपू कोठे जाई ऱ्हायनूत?"

मी दुसरा ड्रायव्हर मागवला. नानांनी माझा हात धरला. "साहेबले सांगू नको. रिटायर व्हवाले सहाच महिना राहिनात."

संध्याकाळी मी सांगितलं. नानांना गाडीवरून उतरवलं.

जळगावच्या डॉक्टरांनी तपासणीचे फोटो पाहून सांगितलं, लहान मेंदू आकसलाय, म्हणून तोल जातो. शिवाय मेंदूच्या बारीक नसांतून रक्त नीट पोचत नाही, त्यानं विसर पडतो. आता मागे फिरणं नाही. नानांच्या बायकोनं, अक्कांनी, एकच विचारलं, "दारूनं नही ना? तेवढं कागदवर लिखी द्या."

मी महिन्यातून एकदा धरणगावला जात राहिलो. नानांचं बरंच पुसलं गेलं होतं, पण एक गोष्ट रुतून बसलेली.

"भाऊ, मन्हं नाव साहेबले कोणी सांगं?"

"मीच, नाना."

कधी ते तोंड फिरवत. एकदा बशी लवंडली. रागानं की हात थरथरून, कळलं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "गाडीमा किती लोके व्हतात?"

"बावन्न."

"मंग बरं करं."

त्या दिवशी मी हलका होऊन घरी आलो. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न. दरवेळी नव्यानं कबूल व्हायचं. खोटं सांगून टाकावं, असं कैकदा वाटलं; थकलो होतो. पण त्यांच्यापुढे खोटं बोलवेना.

या उन्हाळ्यात नाना गेले. त्याआधीच्या खेपेला त्यांनी काहीच विचारलं नाही. अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसे हसले आणि आत हाक मारून म्हणाले, "पाव्हनाले च्या ठेव."

मी चहा घेतला. उत्तर तोंडाशी घेऊन तासभर बसून राहिलो.