प्रतिमाची सरी

बारा वर्षं घर सांभाळल्यावर प्रतिमा पुन्हा प्रोग्रामरच्या नोकरीला लागली. बंगळुरातल्या जे. पी. नगरमधल्या एका छोट्या कंपनीत दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनायचं. तीन महिने काम बघू, मग कायम करू, असं मॅनेजर राजलक्ष्मीनं स्वच्छ सांगितलं होतं. चाळिशी उलटलेल्या बाईला दुसरं कोण विचारणार होतं?

कोड लिहायला मदतीला एआय होता. शेजारच्या टेबलावरची, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली नागपूरची सिद्धी त्याला सगळं विचारायची. प्रतिमा मात्र त्याला सांगायची. त्यानं तारखांचा कोड लिहून दिला, तर बाईंनी ठणकावलं, ‘जावा भाषेत महिने शून्यापासून मोजतात. एक वजा कर.’ ‘तुमचं अगदी बरोबर आहे,’ म्हणत त्यानं निमूटपणे एक वजा केला.

चाचणीत ऑगस्टचे सगळे पेशंट जुलैत जाऊन बसले.

“ताई, नवीन जावात महिने एकपासून असतात,” सिद्धी हळूच म्हणाली. “मला माहीतच नव्हतं, म्हणून मी त्याला आधी विचारलं.”

प्रतिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शून्याचा नियम तिच्या काळातला होता. एआयनं आधी बरोबरच लिहिलं होतं, पण तिनं आवाज चढवला आणि त्यानं मान डोलावली. बंगळुरात एवढी वर्षं काढून तिला हे कळायला हवं होतं. इथला प्लंबरही ‘सरी, सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणून जातो आणि आठवडाभर फिरकत नाही.

चूक तिनं स्वतःच राजलक्ष्मीच्या कानावर घातली. मग एआयला सांगणं सोडून तीही विचारायला लागली. पण विचारायचं काय, हे सुचायला जुनी वर्षंच उपयोगी पडली. सिद्धीचा कोड छान चालत होता, तरी प्रतिमानं त्याबद्दल एआयला विचारलं, ‘दोन पेशंटनी एकाच क्षणी तीच वेळ मागितली तर?’

दोघांनाही मिळेल, असं उत्तर आलं. पाठोपाठ दुरुस्तीही आली.

“बापरे! हे माझ्या डोक्यातच आलं नसतं,” सिद्धी म्हणाली.

तीन महिने संपले, तशी राजलक्ष्मीनं तिला केबिनमध्ये बोलावलं. “तू आता कायम. यापुढे सिद्धीचा कोड तू तपासायचा.”

“आणि माझा कोण तपासणार?”

“सिद्धी.”

“सरी,” प्रतिमा म्हणाली. आणि प्लंबरसारखी गायब न होता तिनं लगेच आपला कोड सिद्धीपुढे ठेवला.