बांधावरची माती

गुलाम नबीच्या पायाला भिंगरी होती. एका जागी बसायचं म्हटलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा, आणि नशिबानं नोकरी दिली ती नेमकी वाट पाहण्याची! साल एकोणीसशे चौतीसचं. अकोल्यात वामनराव नावाच्या शेतकी पदवीधरानं घरामागच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली होती आणि हा तिथला एकुलता एक मदतनीस. अमरावतीपासून पातूरपर्यंत चाळीस शेतांतली चिमूट चिमूट माती त्यानंच हिंडून आणली आणि सरसासारख्या गोठलेल्या जिलेटिनच्या काचनळ्यांत घातली. मातीतले काही जंतू कुजक्या पालापाचोळ्यातलं सत्त्व फोडून पिकाला देतात. तेच जंतू जिलेटिनचंही पाणी करतात. ज्या नळीत पाणी, ती माती जोमदार, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

चैत्रात वामनराव लग्नासाठी अमरावतीला गेले. "मी येईपर्यंत कुणाला काही सांगू नकोस," असं बजावून गेले. तिसऱ्या दिवशी पाहतो तर चाळीसच्या चाळीस नळ्यांत पाणी! त्याला कुठलं राहवतंय? तो तडक मोर्णा नदीकाठी, त्या चाळिसांपैकीच एका शेतात, पार्बताबाईच्या वांग्याच्या मळ्यात.

"बाई, तुमच्या मातीत लय दम हाय. औंदा खताले सरकीची ढेप टाकूच नोका."

तीन आठवड्यांनी वामनराव परतले. त्यांनी सगळ्यांत आधी, ताडून पाहण्यासाठी मातीविना ठेवलेली एक्केचाळिसावी नळी मागितली. तिच्यातही पाणी.

"अरे, हे तर उन्हानं वितळलंय," म्हणत त्यांनी मातीच्या चाळीसही नळ्या बर्फात उभ्या केल्या. घटकाभरात एकोणतीस पुन्हा गोठल्या. अकरा मात्र पातळच राहिल्या, म्हणजे जंतूंनी खरं काम तेवढ्यांतच केलं होतं. एकीत हिरवट झाक, एकीवर साय, एकीला कुजका वास. इतक्या परीचे जंतू पाहून वामनराव हरखले. गुलाम नबी नळ्यांवर चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्यांत एकच चिठ्ठी शोधत होता. पार्बताबाईची नळी घट्ट गोठली होती.

तो भर उन्हात मळ्याकडे धावला. वांग्यांची पानं पिवळी पडली होती. आपल्या उतावळ्या जिभेनं बाईचं पीक बुडवलं, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"बाई, माह्याकून चूक झाली. तुमच्या मातीत ते जंतू निघालेच नाईत."

"आन् मी ढेप म्हशीले चारली ना, तुमच्या भरोशावर!" पार्बताबाईनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मग एकदम थांबून म्हणाली, "माती कोठची नेली होती तुमी?"

"बांधावरची." त्या दिवशी वाफ्यांत पाणी सोडलेलं होतं आणि याला घाई.

"बांधावर वांगे कोन लावते, नबीभाऊ?"

तिनं विळ्यानं एका पिवळ्या झाडाच्या मुळाशी वीतभर उकरलं आणि ओली माती त्याच्या ओंजळीत ठेवली.

"हे न्या. आन् या वक्ती सायेबानं सांगतल्याबिगर येऊ नोका."

त्यानं माती रुमालात बांधली आणि बांधावर बसला. पाय निघायची घाई करत होते, पण तो उठला नाही. ती पिवळी पानं त्याला नीट पाहून घ्यायची होती.