सेल नसलेलं घड्याळ

नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका घड्याळाच्या चोरीची ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. खून नव्हता, दरोडा नव्हता. कोणाला शिक्षाही झाली नाही. तरी निवृत्तीनंतर ज्या एका माणसाच्या दारात मी स्वतःहून गेलो, तो याच गुन्ह्यातला आरोपी होता.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. डिसेंबर महिना होता, कापसाच्या गाड्यांनी रस्ते भरलेले. सकाळची हजेरी घेऊन मी खुर्चीत बसलो होतो, तेव्हा गावातल्या एका जिनिंगचे मालक फिर्याद द्यायला आले. चाळिशीचे गृहस्थ, शिकलेले, बोलणं मोजकं. वडिलांचं घड्याळ चोरीला गेलं होतं. वडिलांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा यांनीच ते त्यांच्यासाठी मुंबईहून मुद्दाम आणलं होतं. नात्यातल्या लग्नाला वडिलांच्या हातात घालावं म्हणून कपाट उघडलं, तर डब्यासकट घड्याळ गायब. त्यांनी किंमत सांगितली तेव्हा लिहून घेणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं.

"सायेब, इतक्यात तर ट्रॅक्टर येते. ट्रॉलीसकट," तो नंतर मला म्हणाला.

मीही फिर्यादीला विचारलंच, की इतकं महाग घड्याळ कशासाठी? ते जरा दुखावले. म्हणाले, "वडिलांनी आयुष्यभर स्वतःसाठी काही घेतलं नाही. मला त्यांना एकदा सर्वांत चांगली वस्तू द्यायची होती."

संशय कोणावर, हा पुढचा प्रश्न. त्यांनी ड्रायव्हरचं नाव घेतलं. वडिलांच्या खोलीत जाणारा बाहेरचा माणूस तेवढाच. बंजारा समाजातला, घाटंजीकडच्या एका तांड्यावर राहणारा, बावीस वर्षं त्यांच्याकडे कामाला. "विश्वासातला होता," ते म्हणाले. 'होता' हा शब्द माणसं फार लवकर वापरतात, हे मी खात्यात पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

घटनास्थळाचा पंचनामा केला. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. चावी म्हाताऱ्या मालकांच्या बंडीच्या खिशात असायची आणि आंघोळीच्या वेळी खुंटीवर. ड्रायव्हरने तेवढ्यात साधलं असणार, असा मी अंदाज बांधला. घड्याळाचा फोटो आजूबाजूच्या सोनारांना आणि घड्याळवाल्यांना मोबाइलवर पाठवला. ड्रायव्हर सावध होऊ नये म्हणून त्याला तूर्त काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. घाटंजीच्या बाजारात बसणारा एक घड्याळजी होता, साठीच्या पुढचा. म्हणाला, "सायेब, तुम्ही फोटो पाठवला थे घडी माह्यापाशी आहे. एक जण टाकून गेला. बाजाराच्या दिवशी न्यायले येतो म्हणे."

बाजाराच्या दिवशी साध्या कपड्यांत माझी दोन माणसं त्याच्या दुकानासमोरच्या हॉटेलात बसली. अकराच्या सुमारास ड्रायव्हर आला. घड्याळ हातात घेताच त्याला ताब्यात घेतलं. घरझडतीत बायकोच्या पेटीत घड्याळाचा लाल डबाही मिळाला, कंपनीच्या कागदांसकट. पंचांसमक्ष सगळा मुद्देमाल जप्त केला. गुन्हा उघडकीला आल्याचं वरिष्ठांना कळवलं, शाबासकी घेतली. ठाण्यातल्याच कोणीतरी ड्रायव्हरचा फोटो काढला आणि तो तासाभरात तालुकाभर फिरला.

दुसऱ्या दिवशीही चौकशीत तो एकच वाक्य बोलत राहिला.

"सापडली, सायेब."

"कुठं सापडली?"

"गाडीत."

"डब्यासकट? कागदांसकट?"

तो पन्नाशीचा, उंच, हाताला स्टेअरिंगचे घट्टे. नजर चुकवत नव्हता, पण उत्तरही देत नव्हता. खोटं बोलणारा माणूस साधारणपणे फार बोलतो. हा फार बोलत नव्हता, तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मुद्देमाल हातात असला की पोलिसाचं डोकं पुढचं पाहत नाही. मी त्याच्या कानाखाली मारली. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. फक्त म्हणाला, "माह्या हातून झालं म्हना, सायेब. लिहून घ्या."

मी लिहून घेणारच होतो. तेवढ्यात घड्याळजी जबाब द्यायला ठाण्यात आला.

त्याला ते घड्याळ पुन्हा पाहायचं होतं. मी मुद्देमालाचं पाकीट उघडून ते त्याच्यासमोर ठेवलं. काचेवरून बोट फिरवत तो म्हणाला, "चाळीस वर्षं या धंद्यात आहो, सायेब. असं काम पायलं नाही. मागचं झाकण उघडलं अन् अर्धा तास नुसता पाहत बसलो. एकेक चाक माणसानं हातानं घासलं आहे."

"म्हणजे घेणाऱ्याचे पैसे वसूल?"

तो हसला. "वेळ तर तुमची घडी बी तेच दाखवते. पाहणारा असला त वसूल. पेटीत ठेवली त काही नाही. अन् पेटीत ठेवली की हे बंद पडते. हातात असली, हात हालला, तरच चालते. सेल नसते याच्यात. घडी हातात देण्याआधी त्या माणसाले मी तेच समजावून सांगितलं."

"कोणत्या माणसाला?"

"तुम्ही धरला त्यालेच. तो सेल टाकायले घेऊन आला होता ना. म्हणे, 'माह्यापाशी बंद पडली, भाऊ. चालू करून द्या. मालकाची आहे, वापस द्यायची आहे.' लय घाबरला होता. वाटलं आपल्या हातून बिघडली."

मी जबाबाचा कागद बाजूला सारला. हे फोनवर का नाही सांगितलं, म्हणून मी त्याच्यावर चिडलो. तो म्हणाला, "तुम्ही इचारलंच कुठं, सायेब? घडी आहे का इचारलं, आहे म्हनलं."

ट्रॅक्टरच्या किमतीची वस्तू चोरणारा माणूस भर बाजारात सेल टाकून मागत नाही. मी ड्रायव्हरला कोठडीतून माझ्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि बाकीच्यांना बाहेर काढलं.

"सेल टाकायला का नेलं होतंस?"

पहिल्यांदा त्याची नजर खाली गेली.

"सायेब, मी सांगतो. पन छोट्या मालकाले सांगू नोका."

"पाहतो," मी म्हणालो.

पोलिसाच्या 'पाहतो'ला काही अर्थ नसतो. मला ते माहीत होतं, त्याला नव्हतं.

"मोठ्या मालकानं देल्ली," तो म्हणाला. "दोन महिने झाले. मले लहान्या म्हनते ते. लहान्या म्हंजे त्याईचा भाऊ, लहानपणीच तापानं मेला. मालकाले मॅट्रिकच्या वक्ती घडी भेटली होती. लहान्या रडला, पन याईनं हात लावू देल्ला नाही. आता म्हनते, 'घे लहान्या, ही तुही.' मी नाही म्हनलं त लेकरावानी रडाले लागले. म्हून घेतली. वाटलं, इसरतीन, मंग गुपचूप ठेवून देईन."

"मग मुलाला का नाही सांगितलंस? आम्हाला का नाही सांगितलंस? मार खाल्लास."

"छोट्या मालकानं एक खेप गाडीत फोनवर म्हनलं होतं, बाबाचं डोकं जास्त बिघडलं त नागपूरले संस्थेत ठेवा लागन. मी गाडी चालवून राह्यलो होतो, आयकलं. तवापासून मी झाकून राह्यलो, सायेब. रस्ता इसरले त मी घेऊन येतो. दोनदा जेवतो म्हनले त मी जेवू घालतो. थे घर सोडून ते जगत नाही."

जबाब खरा की खोटा हे पडताळणं माझं काम होतं. दुपारी फिर्यादीला सोबत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. म्हातारे मालक ओसरीवर ऊन घेत तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसले होते. स्वच्छ धोतर, नीट भांग. मला पाहून म्हणाले, "या. कापूस आनला का? वल्ला नाही ना?"

मी मोबाइलवर घड्याळाचा फोटो दाखवला. त्यांचा चेहरा उजळला.

"ही लहान्याची. मीच देल्ली त्याले."

मुलगा पुढे झाला. "बाबा, काका जाऊन साठ वर्षं झाली."

"कुठं गेला?" म्हाताऱ्यांनी शेंग खाली ठेवली. "परवा त गाडी पुसून राह्यला होता अंगनात. कुठं पाठवलं तुम्ही त्याले? अं? काहून पाठवलं?"

आणि ते उठून फाटकाकडे चालायला लागले. मुलाने त्यांना धरलं, तेव्हा त्यांनी मुलालाच विचारलं, "तुम्ही कोन?"

मुलगा तिथेच पायरीवर बसला. वडील थोडंफार विसरतात इतकंच त्यांना माहीत होतं. किती, ते ड्रायव्हरने कळूच दिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ड्रायव्हरला सोडण्याची कार्यवाही सुरू केली. गैरसमजुतीतून गुन्हा दाखल झाला असा अंतिम अहवाल न्यायालयात पाठवला. अटकेचा फोटो ज्यांनी पुढे पाठवला होता, त्यांच्यापैकी कोणीही सुटकेची बातमी पाठवली नाही. छोटे मालक स्वतः तांड्यावर गेले, हात जोडले, कामावर या म्हणाले. ड्रायव्हर गेला नाही. बायकोने जाऊ दिलं नाही, असं कानावर आलं.

न्यायालयाच्या आदेशाने घड्याळ परत न्यायला छोटे मालक ठाण्यात आले. पाकीट फोडलं. घड्याळ पुन्हा बंद पडलं होतं. त्यांनी सही केली, घड्याळ हातात घेतलं तसा आतला काटा सरकायला लागला.

"बाबांनी हे एकदाही घातलं नाही, साहेब," ते म्हणाले. "दिलं त्या दिवशी फोटोपुरतं घातलं, तेवढंच. नंतर मी पाहिलंच नाही, की घालतात का."

महिनाभरात त्यांनी वडिलांना नागपूरला नेलं. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. बायको आजारी, धंद्याचा हंगाम, आणि म्हाताऱ्यांनी एकदा गॅस उघडा ठेवलेला. सांभाळणारा एकच माणूस होता आणि तो आम्ही काढून घेतला होता. पावसाळ्याआधीच म्हातारे तिथे वारले.

निवृत्त झाल्यावर मी त्या तांड्यावर गेलो. ड्रायव्हर आता स्वतःची थोडी शेती करत होता. मला पाहताच त्याने बाज टाकली, बायकोशी गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत, काहीतरी बोलला, तिने चहा ठेवला. ती माझ्यासमोर आली नाही.

त्याने आपणहून नागपूरचं सांगितलं. एकदा तो एसटीने गेला होता. दारातल्या बाईने वहीत नाव लिहायला लावलं आणि विचारलं, नातं काय? त्याने 'भाऊ' लिहिलं. म्हातारे खिडकीजवळ बसले होते. दोन वर्षं ज्यांनी त्याला लहान्या म्हटलं, त्यांनी त्या दिवशी त्याचं खरं नाव घेऊन हाक मारली. म्हणाले, "आला का? गाडी आनली? चाल, घरी जाऊ."

"गाडी कुठून आनू, सायेब?" तो म्हणाला. "आनतो म्हनलं अन् भाईर आलो. बस स्टँडवर बसून राह्यलो संध्याकाळलोक."

मी ज्यासाठी गेलो होतो ते बोललो. म्हणालो, मी तुझ्यावर हात उचलला, माझी चूक झाली. मला माफ कर.

त्याने मान हलवली. "थापड त मी तवाच इसरलो, सायेब. मार सहन होते मानसाले. तुम्ही चहा पाजला अन् मी बोललो. थे नाही इसरत."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी माणसांना बोलतं करायला शिकलो. मारून, चहा पाजून, खोटा धीर देऊन. खरं बाहेर काढलं की काम संपलं, असं मानत आलो. पण एखादा माणूस गुन्हा नसताना गुन्हा अंगावर घेतो, तेव्हा तो कोणाला तरी पाठीशी घालत असतो; आणि ते खरं बाहेर आल्यावर त्या पाठीशी असलेल्या माणसाचं काय होणार, हा प्रश्न आमच्या कोणत्याही फॉर्मवर नसतो. तो मी स्वतःला विचारायला हवा होता, आणि तोही चहा मागवण्याच्या आधी.

निघताना ड्रायव्हर मला रस्त्यापर्यंत सोडायला आला.