खिशातली चावी

लिफ्टवाले काका बावन्न वर्षांचे आहेत. त्यांतली अठ्ठावीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या खड्ड्यात नाहीतर लिफ्टच्या टपावर काढली. आता गुडघे कुरकुरतात. पर्यवेक्षकाची जागा मिळाली तर खाली उभं राहून इतरांना वर चढवता येईल. त्यासाठी कंपनीची अट एकच, इंग्रजीची तोंडी परीक्षा.

शिकवणी घरातच होती. धाकटी सून इंग्रजी शिकवते. ती सकाळी डबे भरायची आणि सासरे ओट्याजवळ वही घेऊन बसायचे. पहिल्याच आठवड्यात गाडी 'मस्ट'वर अडली.

"बाबा, पाहुण्यांना 'यू मस्ट सिट' म्हणालात तर बिचारे घाबरून उभेच राहतील."

"बसायचं तर बसायचं. आढेवेढे कशाला?"

"'वुड यू लाइक टु सिट' म्हणा. 'मे' आहे, 'माइट' आहे, 'शुड' आहे."

"दोर कदाचित तुटेल, कदाचित नाही, असं सांगणारा मेकॅनिक तुला चालेल? बसशील त्याच्या लिफ्टमध्ये?"

"मी जिन्यानं जाईन. आय वुड टेक द स्टेअर्स. घ्या लिहून."

काकांनी नाइलाजानं लिहून घेतलं.

त्यांच्या धंद्यात 'कदाचित'ला जागा नाही, हे खरं आहे. खड्ड्यात उतरण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा, त्यावर स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी शर्टाच्या खिशात ठेवायची. दुसरी चावी मुद्दामच नसते, म्हणजे आपण आत असताना कुणी लिफ्ट सुरू करू शकत नाही. काकू सांगतात, "लग्नाची अंगठी दोनदा हरवली यांनी. चावी एकदाही नाही."

परीक्षा अकराला होती. काकांनी त्या सकाळी एका सात मजली इमारतीतलं छोटं काम उरकलं, हात धुतले आणि मनात 'वुड, कुड' घोकत परीक्षेला गेले. परीक्षक बाईंनी नाव विचारलं, तेवढ्यात फोन वाजला. इमारतीचे सेक्रेटरी होते.

"अहो, लिफ्ट बंद आहे. स्विचवर अजून तुमचं कुलूप आहे. सातव्या मजल्यावरच्या आजींना डॉक्टरकडे न्यायचंय."

काकांनी खिसा चाचपला. चावी काढून टेबलावर ठेवली आणि बाईंकडे पाहिलं.

"मॅडम, आय मस्ट गो. लिफ्ट कॅनॉट मूव्ह. ओल्ड लेडी शुड नॉट टेक द स्टेअर्स. मे आय कम बॅक?"

बाई म्हणाल्या, "यू मे."

दोन तासांनी ते परतले तेव्हा बाई डबा संपवत होत्या. आजी डॉक्टरकडे पोचल्या होत्या, सेक्रेटरींनी मात्र काकांना सात मजल्यांइतकं ऐकवलं होतं. बाईंनी एकच प्रश्न विचारला. पुन्हा तसा दिवस आला तर काय वेगळं कराल?

काकांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

"आय वुड चेक माय पॉकेट," ते म्हणाले.

जागा त्यांना मिळाली. सुनेनं निकालपत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे 'वुड' आलं तर तुम्हाला."

"आलं. पण चूक करावी लागली."

"बाकीच्यांना वाचून येतं, बाबा."

हल्ली काका इतरांना खड्ड्यात उतरवतात आणि त्यांच्या कुलपांवर नजर ठेवतात. स्वतःचं कुलूप वापरायची वेळ क्वचितच येते. तरीही संध्याकाळी दारात काकू उभ्या असतात. इंग्रजी त्यांना येत नाही.

"खिसा दाखवा," त्या म्हणतात, आणि तो रिकामा दिसल्याशिवाय आत घेत नाहीत.