मिस्त्रींनी न पाहिलेली होडी

पडदे आणि सोफ्याच्या खोळी शिवणाऱ्या दुकानात मावशींची उभी हयात गेली. दुकानातल्या पोरी त्यांना मावशी म्हणत, मग गिऱ्हाइकं म्हणू लागली, मग सगळी गल्लीच म्हणू लागली. जाड कापडावर त्यांचा हात असा बसला होता की थान उलगडताना नुसता अंगठा फिरवून कापड कुठे ओढ घेणार ते त्या सांगत. आणि जिभेचं म्हणाल, तर ती हातातल्या कात्रीला हार जाणारी नव्हती. ही जीभ सगळ्यांत जास्त चालली ती घरामागच्या अंगणातल्या होडीवर.

होडी बांधत होते त्यांचे यजमान. ते एका शाळेत सुतार होते. बाकांचे मोडके पाय आणि निखळलेली दारं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. शाळा सुटली की घरी यायचे, चहा घ्यायचे आणि मागच्या दारानं अंगणात गडप व्हायचे. सोळा-सतरा वर्षं हे असं चाललं. कपडे वाळत घालायची दोरी आधी डावीकडे सरकली, मग उजवीकडे, आणि शेवटी गच्चीवर गेली. भुसा डब्यात, भुसा अंथरुणात, लेकीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मागे होडीचं बूड. शेजारीण एकदा थट्टेनं म्हणाली, "मावशी, तुमची सवत काय म्हणते?"

"सवत परवडली," मावशी म्हणाल्या, "ती निदान भांडी तरी घासेल."

तरीही शिडं शिवली ती मावशींनीच. बाहेरून शिवून आणलेलं शीड मिस्त्रींना पसंत पडेना. शिवण चुरगळते म्हणून ते तोंड पाडून बसले. जेवणावरसुद्धा लक्ष लागेना, तेव्हा "द्या इकडे" म्हणत मावशींनी ते शीड उसवलं आणि पुन्हा शिवलं. दुसरं तर मुळापासून त्यांनीच शिवलं. टाक्याटाक्याला होडीचा उद्धार केला, पण टाका एकही वाकडा पडू दिला नाही.

आता यातली गंमत ऐका. मिस्त्रींनी होड्यांबद्दल मिळेल ते वाचलं होतं, कुठलं लाकूड पाण्यात फुगतं आणि कुठलं कुजतं हे ते झोपेतही सांगू शकले असते, पण स्वतः ते समुद्रावर कधी गेलेच नव्हते. किनाऱ्यावर तासन्‌तास उभे राहायचे तेवढंच. ज्याला समुद्राचं इतकं वेड तो समुद्रावर जाऊन आलेला असणारच, असं सगळे धरून चालले होते. विचारलं कुणीच नाही. मिस्त्रींनी स्वतःलाही विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घर लेकीच्या हवाली केलं आणि होडी खाडीत उतरवली. आत दोघांना झोपायला फळ्या, एक शेगडी, एक छोटं कपाट, मागे वारा नसेल तेव्हासाठी एक लहानशी मोटर, असा आटोपशीर संसार. खाडीच्या गुळगुळीत पाण्यात एका म्हाताऱ्या खलाशानं दोघांना शीड चढवायला, होडी वळवायला, नांगर टाकायला शिकवलं. मिस्त्री तेव्हा लहान मुलासारखे खूश होते. मग दोघं किनाऱ्याकिनाऱ्यानं, गावागावांत मुक्काम करत, महिनोन्‌महिने फिरायला निघाली. खाडीचं तोंड ओलांडलं, पहिली लांब लाट बुडाखालून गेली आणि मिस्त्रींचा चेहरा पिवळा पडला. गाडी लागते तशी त्यांना होडी लागली, आणि लागली ती अशी की संध्याकाळी नांगर पडेपर्यंत ते आतल्या फळीवर बादली उराशी धरून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लिंबू झालं, आलं झालं, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. कशाचा म्हणून गुण येईना.

सुकाणू कुणीतरी धरायलाच हवं होतं. ते मावशींनी धरलं.

आणि पहिल्याच दिवशी, मोटर बंद करून शीड खाडीबाहेरच्या मोकळ्या वाऱ्यावर धरलं, तेव्हा जे झालं त्यानं त्यांची वाचाच बसली. आवाज थांबला. कापडानं पोट भरून श्वास घेतला, दोरी ताठ झाली, होडी जराशी कलली आणि निघाली. कुणी ढकलत नव्हतं, काही जळत नव्हतं, आणि अंगणातलं ते एवढं मोठं धूड आपल्या आपण पाणी कापत चाललं होतं. मावशींच्या हाताखाली सुकाणूचा दांडा थरथरत होता. जिवंत होता तो. ज्याच्या भुशावर आपण इतकी वर्षं झाडू मारला ते हे लाकूड, हे त्यांना खरंच वाटेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि वाऱ्यानं आलं असं म्हणायला बरं म्हणून त्यांनी ते पुसलंही नाही.

हळूहळू त्या तरबेज झाल्या. शीड शेवटी कापडच. ते कडेला फडफडायला लागलं की कुठे सैल आहे आणि कुठे ताण पडतोय ते त्यांना बघावं लागत नसे, तळव्याला कळत असे. बाकी समुद्र मात्र त्यांना कधी सरावाचा झाला नाही. उथळ पाण्यावरून जाताना खालची वाळू हिरवी दिसे, खोलावर गेलं की पाणी एकदम गडद निळं होई, आणि त्या दोन रंगांमध्ये रेघ मारल्यासारखी स्पष्ट कड असे. एकदा पुढ्यातून चांदीच्या रंगाचे मासे पाण्याबाहेर निघाले आणि पंख पसरून उडतच गेले, कितीतरी वेळ. मावशी आ वासून बघत राहिल्या. साठी उलटल्यावर हे बघायला मिळावं, म्हणजे आपण काय पुण्य केलं होतं, असं त्यांना वाटे.

पण हे बोलायचं कुणाशी आणि कोणत्या तोंडानं? सतरा वर्षं ज्या होडीला लाकडाचा ढीग म्हटलं, तीच आता जिवाभावाची झाली हे कबूल करायचं म्हणजे सगळे शब्द गिळायचे. मावशींना ते जमेना. नवऱ्याला पाणी द्यायला आत डोकावल्या की त्या सवयीनं म्हणत, "कुठून हे झेंगट गळ्यात घेतलंत हो." आणि मिस्त्री आणखी लहान होऊन भिंतीकडे तोंड करत.

एका दुपारी होडी पांढऱ्या वाळूवरून चालली होती. पाणी इतकं नितळ होतं की ते आहे की नाही तेच कळेना. मावशींनी खाली वाकून पाहिलं तर वाळूवर एक सावली सरकत होती. बूड, डोलकाठी, फुगलेलं शीड, आणि मागच्या टोकाला एक इवलंसं डोकं. ते आपलं डोकं आहे हे कळायला त्यांना एक क्षण लागला. आपली होडी पुरी कशी दिसते ते त्या पहिल्यांदाच बघत होत्या, आणि तिचा डौल बघून त्यांच्या अंगावर काटा आला.

"अहो, बाहेर या," त्यांनी हाक मारली. "लवकर या, बघा तरी."

आतून बादली सरकल्याचा आवाज आला. मिस्त्री उठले, दारापर्यंत आले, आणि डोकं बाहेर काढण्याआधीच परत वाकले. सावली गडद पाण्यावर गेली आणि नाहीशी झाली.

तेव्हा मावशींच्या लक्षात आलं. या माणसानं स्वतःची होडी चालताना एकदाही पाहिलेली नव्हती. खाडीत नुसतीच शिकवणी, तीही आत बसून. बाहेर पडल्यापासून त्यांनी पाहिली ती बादली. त्या दिवशी मावशींनी झेंगटाचा विषय काढला नाही.

पुढच्या बंदरात मिस्त्री दोन दिवस जमिनीवर होते, म्हणून माणसात आले. दुसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले, "मी होडी द्यायचं ठरवलंय."

"कुणाला?"

"इथल्या एका हॉटेलवाल्याला. तो ती हॉटेलच्या दारात, बागेत उभी करणार आहे. आत टेबलं मांडणार. पोरं म्हणे तिच्यात बसून आइस्क्रीम खातील." मिस्त्री हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही. "उद्या येतोय बघायला. नीट राहील गं ती तिथे. पाणी लागणार नाही."

मावशींनी हातातला दोर पुन्हा गुंडाळायला घेतला.

"तू पहिल्यापासून नको म्हणत होतीस," मिस्त्री म्हणाले. "मीच हट्ट केला. माझ्या वेडापायी तुझे फार हाल झाले."

पाण्याची वस्तू बागेत, तिच्यावर रंगीत दिवे, आणि या माणसाला मरेपर्यंत कळणार नाही की आपण काय घडवलं. विकू नका म्हणायला मावशींनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "बरं." स्वतःच्याच जिभेचा त्यांना आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता.

सकाळी चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहा."

"कशाला?"

"सांगते तेवढं करा. आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहा."

मिस्त्री गेले. बंदराचा दगडी धक्का समुद्रात लांबवर गेला होता. मावशींनी दोर सोडले, मोटर लावली आणि होडी बंदराबाहेर काढली. एकटीनं त्या कधीच निघाल्या नव्हत्या. आत फळीवर कण्हणारा का होईना, एक माणूस असायचा. शीड चढवताना दोरी एकदा हातातून निसटली, तेव्हा त्यांनी स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली आणि पुन्हा ओढली. मग मोटर बंद केली.

वारा चांगला होता. दोन्ही शिडं भरली, होडी कलली आणि पुढच्या टोकापाशी पाणी पांढरं फुटू लागलं. मावशींनी ती धक्क्याच्या अगदी जवळून, टोकाला घसटून नेली. टोकावर मिस्त्री उभे होते. शेजारी कुणी जाडसा गृहस्थ होता, बहुधा हॉटेलवालाच. मावशींना वाटलं होतं की ते हात हलवतील. मिस्त्रींनी हात हलवला नाही. दोन्ही हात डोक्यावर ठेवून, तोंड उघडं टाकून ते नुसते बघत होते, आणि होडी समोरून जाताना त्यांची मान तिच्याबरोबर वळत गेली. मावशी दूर जाऊन वळल्या आणि पुन्हा तशाच समोरून गेल्या. या वेळी मिस्त्री रडत होते.

होडी आत आली तेव्हा दोर धरायला तेच पुढे झाले. गाठ त्यांना मारता येईना, नजर शिडांवरून हटतच नव्हती.

"मग काय ठरलं?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"माफ करा," मिस्त्री म्हणाले. "मी न बघताच बोललो होतो." मग ते मावशींकडे वळले. "पण तुला नको आहे ना गं ही?"

आता मात्र मावशींनी सगळे शब्द एकदम गिळले. "मला सोडायची नाही ही होडी," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून नाही. रोज खोटं बोलत होते मी तुमच्याशी. असं काही तुमच्या हातून झालंय हे बघून मला बोलताच आलं नाही."

हॉटेलवाल्याला नवरा-बायकोच्या या बोलण्यात आपलं काही काम नाही हे समजलं, आणि तो निघून गेला. मिस्त्री बराच वेळ फळ्यांवरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "पण लाट आली की मी पुन्हा आडवाच होणार."

त्यावर तोड त्यांनीच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत एक सदरा आणि पाण्याची बाटली टाकून ते किनाऱ्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या बसमध्ये बसले. खिडकीतून म्हणाले, "एकटी येशील ना नीट?" मावशी म्हणाल्या, "तुम्हीच उतरायचं ते गाव चुकवू नका म्हणजे झालं."

दिवसभर समुद्र त्यांच्या एकटीचा होता. उन्हं कलताना पुढचं बंदर दिसू लागलं. धक्क्यावर एक ठिपका होता, तो माणूस झाला, मग मिस्त्री झाला. ते कुणा अनोळखी माणसाची बाही ओढून त्याला समुद्राकडे बोट दाखवत होते. मावशींना भूक लागली होती, पाठ मोडून आली होती. होडी धक्क्यापाशी आणून त्या शीड उतरवायला उठल्या.

"अगं, इतक्यात नको उतरवू," वरून मिस्त्री ओरडले. "यांनी नीट बघितली नाही. अजून एक फेरी मार."

मावशींनी सुकाणू वळवलं.