मनुक्यांचा रस

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या रक्ताची आठवण म्हणून सगळ्यांनी घोटभर घ्यायचा रस विकत आणत नसत. मंडळीतल्या बायका काळे मनुके उकळून, फडक्यातून गाळून तो घरीच करायच्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे काम आमच्या घरी आलं, म्हणजे माझ्या गळ्यात पडलं. रस मी करायची आणि रविवारी इवल्या प्याल्यांचा ट्रे बाकावर माझ्यापर्यंत आला, की न घेता पुढे सरकवायची.

कारण भीती. पहिल्यांदा प्याला घेण्याआधी चर्चमध्ये दृढीकरणाचा वर्ग असतो, तिथं मास्तरांनी बजावलं होतं, मनात वैर ठेवून जो प्याला घेतो तो आपल्या हातानं शिक्षा ओढवून घेतो. लग्नानंतरच्या वर्षी मी सासूबाईंशी कडाकडा भांडून चर्चला गेले आणि प्याला घेतला. त्याच आठवड्यात माझं पहिलं मूल पोटातच गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मला मात्र कारण ठाऊक होतं.

आता पुन्हा दिवस गेले होते. तोंडाला कुलूप घालायचं असा मी निश्चय केला होता. शनिवारी, रस करायच्या दिवशी तर मौनच पाळायची. पण स्वभावाला औषध नाही. गप्प बसलं की मला दुप्पट राग येतो.

अशाच एका शनिवारी मनुके उकळत होते. सासूबाई निफाडकडच्या, बोलायला फटकळ. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "धुतले का नीट? मागच्या टायमाला लय कचकच लागली दाताखाली."

"मग तुम्हीच करा!" म्हणत मी पळी ओट्यावर आदळली.

आदळली आणि हात पोटावर गेला. तिथंच फरशीवर बसून, रडत रडत मी सगळं सांगून टाकलं. तो प्याला, ते गेलेलं मूल, आणि आता हे.

सासूबाईंनी आधी गॅस बंद केला. मग माझ्याजवळ टेकल्या.

"येडी हाय का तू? तसं असतं तर माझं एक तरी पोर जगलं असतं का? माझी जीभ तुझ्यापेक्षा लांब. अगं, देव मला अजून गाळतोच हाय. लय गाळ हाय माझ्यात. म्हणून काय फेकून दिलं का त्यानं?"

दुसऱ्या दिवशी ट्रे आला. सासूबाईंनी तो माझ्यापुढे धरूनच ठेवला, सरकवू देईनात. मुलगी पुढे सुखरूप झाली, पण तेव्हा मला ते कुठं माहीत होतं? डोळे गच्च मिटून मी रस गिळला आणि पोटात कुठं कळ येतेय का, याची वाट बघत बसले.

डोळे उघडले तेव्हा सासूबाई आपला प्याला उचलत होत्या. त्यांचा हात एवढा कापत होता, की थोडा रस पदरावर सांडला. मी बघतच राहिले.

"समोर बघ," त्या पुटपुटल्या. "माझं दर वेळी असंच होतं."