नखांभोवतीचा गोल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे, अर्धं बायकोला सांगितलंय. आणि ते अर्धं सांगून टाकल्यामुळे उरलेलं अर्धं जास्तच नीट लपलं. माणूस असं का करत असेल? लाज वाटते, हे तर आहेच. पण लाजेपेक्षा मला नवल जास्त वाटतं. आपल्याच खिशात भलत्याचीच किल्ली सापडावी, तसं.

माझी पन्नाशी उलटली आहे. वलगावच्या शिवारात आमचं काळ्या मातीचं वावर आहे. भाजी करतो, आणि दसरा-दिवाळी धरून झेंडू. शिवाय मी एका ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. अमरावती-अकोल्याकडचे फूलवाले, भाजीवाले, सगळे त्यात. हसू नका. गावात सरपंचाला जेवढा मान नाही तेवढा अ‍ॅडमिनला असतो, निदान अ‍ॅडमिनला तरी तसं वाटतं.

या ग्रुपची एक रीत आहे. कोणाचं पीक बिघडलं की तो पानाचा फोटो टाकतो. पिवळं पान, सुकलेलं पान, भोकं पडलेलं पान. पाच मिनिटांत पाच जण पाच औषधं सांगतात. त्यातलं एक हमखास माझं असायचं. पान पाहिलं की मला रोग कळतो, अशी माझी ख्याती होती — आणि ती पसरवण्यात माझाही थोडा हातभार होता.

अकोल्याच्या एक मॅडम दर बुधवारी दुपारी चारला मोबाइलवर लाइव्ह यायच्या. पिकांच्या रोगांच्या डॉक्टर. त्यांचं नाव लिहीत नाही. त्या नावाला माझ्या हातून जेवढं लागायचं तेवढं लागून झालंय. लाइव्हची लिंक ग्रुपवर मीच टाकायचो. आणि एक गंमत सांगतो — लाइव्हमध्ये त्या आम्हाला दिसायच्या, आम्ही त्यांना नाही. तरी मी चारच्या आधी तोंड धुऊन, केस विंचरून बसायचो. का? कोणासाठी?

त्या बुधवारी मॅडमनी सांगितलं, की पानाचे फोटो पाठवणं बंद करा. झेंडू पिवळा पडला तर एक झाड मुळासकट उपटा, बादलीत मूळ धुवा, पांढऱ्या कापडावर ठेवा आणि त्याचा फोटो पाठवा. पान पाहून औषध सांगणाऱ्याचं ऐकू नका, असंही म्हणाल्या. हसून म्हणाल्या. माझं नाव त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. पण मला कानशिलात बसल्यासारखं झालं.

मग त्यांनी एक धुतलेलं मूळ कॅमेऱ्यासमोर धरलं. नखांना डाळिंबी रंगाची नेलपॉलिश होती. मी त्याच क्षणी फोटो काढला. मोबाइलमध्ये चित्रावर रेघोट्या ओढायची सोय असते ना — ती वापरून मी नखांभोवती लाल गोल ओढला. खाली लिहिलं, “या हाताले कधी माती लागली काय?” आणि हसण्याची तीन तोंडं.

मोठ्या ग्रुपवर नाही टाकला. एवढी हिंमत कुठली? चौघा मित्रांच्या छोट्या ग्रुपवर टाकला. चौघंही पोटभर हसले. एकाने ओठांबद्दल लिहिलं, एकाने अजून काही — ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मी त्यावरही अंगठा दाखवला होता. दोन तासांत तोच फोटो फिरून मोठ्या ग्रुपवर आला, दुसऱ्याच कोणाच्या नंबरवरून. आणि मी काय केलं असेल? अ‍ॅडमिन म्हणून खडसावलं, “महिलांचा आदर राखावा. विषयाला धरूनच पोस्ट टाकाव्यात.” त्यावर मला चाळीसेक नमस्कार आले. ते मी मोजत बसलो होतो.

पुढच्या बुधवारी मॅडम दिसल्या नाहीत. नुसता आवाज, आणि पडद्यावर पिकांचे फोटो. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. बघणारे निम्म्याने घटले. लोक म्हणाले, आता मजा नाही. मजा कशात होती, ते कोणी बोललं नाही.

आणि मग माझा झेंडू पिवळा पडला.

आधी बांधाकडची एक ओळ, मग चार, मग अख्खा पट्टा मान टाकून उभा. दसरा दीड महिन्यावर. मी पान पाहिलं, फवारलं. पुन्हा फवारलं. ग्रुपवर विचारायची सोय नव्हती — सगळ्या गावाचा वैद्य, आणि त्याचंच पोट दुखतंय! शेवटी एका सकाळी झाड उपटलं, बादलीत मूळ धुतलं. तपकिरी, बोटात धरलं की साल निसटून यावी असं कुजकं. हे आपण कुठेतरी पाहिलंय, असं वाटलं. मोबाइल काढला. माझ्याच त्या फोटोत, लाल गोलापासून दोन बोटांवर, हेच मूळ होतं. मी फोटो काढला, गोल ओढला, गावोगाव पोचवला, आणि मूळ काही पाहिलं नव्हतं. मॅडम त्यावर काय उपाय सांगत होत्या, तेही ऐकलं नव्हतं. तेव्हा मी गोल ओढण्यात दंग होतो.

विचारायचं तर त्यांनाच विचारायला हवं होतं. पण माझ्या नंबरवरून? माझी छाती झाली नाही. रंजनाचा — बायकोचा — मोबाइल चुलीजवळच्या फळीवर पडलेला असायचा. त्यावर प्रोफाइलला तिचा कौंडण्यपूरच्या जत्रेतला फोटो होता, डोक्यावरून पदर घेतलेला. तो उचलला आणि लिहिलं, “मॅडम नमस्कार, मी वलगावची रंजना. माझा झेंडू मरतोय.”

मुळाचा फोटो काढायचा तर हात हवा. माझा हात चालणार नव्हता, म्हणून रंजनालाच मूळ धरायला लावलं. ती म्हणाली, “कावून? तुमच्या हाताले काय झालं?” मी म्हणालो, उजेड नीट पडत नाही.

मॅडमचं उत्तर दहा मिनिटांत आलं. “शाब्बास ताई! सांगितल्यावर मुळाचा फोटो पाठवणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” मग सगळं समजावून सांगितलं — फवारणी थांबवा, चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा, मेलेली झाडं उपटून जाळा, औषध पानावर नाही, बुडाशी ओता. रोज विचारायच्या, ताई, आज कसं आहे? मी रोज ताई होऊन सांगायचो. पंधरा दिवसांत पट्टा सावरला. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला ताई व्हायला बरं वाटत होतं. ताईशी कोणी तोऱ्यात बोलत नाही, ताईला सगळंच येत असण्याची गरज नसते.

एक दिवस त्यांनी विचारलं, “ताई, माझा एक फोटो फिरला होता, तुम्ही पाहिला का?” मी लिहिलं, नाही. मग त्यांनीच सांगितलं. तो फोटो दर्यापूरला त्यांच्या माहेरी पोचला होता. वडिलांना कोणीतरी बसस्टँडवर दाखवला. तेव्हापासून वडील फोनवर तब्येतीपलीकडे काही विचारत नाहीत. कॅमेरा सुरू केला की आधी स्वतःचाच हात दिसतो, म्हणून आता कॅमेरा लावत नाही, असं त्यांनी लिहिलं. हे कार्यक्रमच बंद करावेत असं वाटतं, असंही.

हे वाचून मी काय केलं असेल? सांगून टाकायला तीच वेळ होती. मी रंजना होऊन लिहिलं, “मॅडम, हाथी चले बाजार, कुत्ते भौंके हजार.” स्वतःच्या बोटाने स्वतःला कुत्रा लिहिलं, आणि समोरून आलं, “ताई, तुमच्यामुळे धीर आला.”

दिवाळीआधी माझा झेंडू अमरावतीच्या मंडीत गेला. ग्रुपवर मी हिरव्यागार पट्ट्याचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं — स्वानुभवातून. पुन्हा नमस्कार आले. यावेळी मोजले नाहीत.

थंडीत मॅडम स्वतः वलगावला आल्या. कोणतीही वर्दी न देता, घर विचारत विचारत. दारात रंजना उभी होती. मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले, म्हणाल्या, “ताई, तुमच्या त्या बोलण्यानं मी टिकली.” रंजनाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, “या, बसा, चहा मांडते.” माझी बायको किती पटकन समजते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी त्यांच्या नखांकडे बघत होतो. रंग तोच, डाळिंबी. माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? काहीतरी कारण निघावं. औषधांनी नखं खराब झाली असतील, ती झाकायला लावत असतील — असं काहीतरी. म्हणजे मला वाईट वाटून घेता आलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. रंजनाने सरळ विचारलंच, “मॅडम, मातीत काम करता, मग हे कायले लावता?” मॅडम हसल्या. “आवडते मले.” बस, एवढंच. पर्समधून बाटली काढून त्यांनी रंजनाच्या हातावर ठेवली.

त्या गेल्यावर रंजना म्हणाली, “बाईले स्वतःच्या नावानं विचाराले तुमाले लाज वाटत होती, अन् बायको व्हाले नाही वाटली?” मी मान खाली घालून कबूल केलं, की तुझ्या मोबाइलवरून मीच बोलत होतो. तेवढंच कबूल केलं. फोटोचं बोललो नाही. ती हसली, मला माफ करून टाकलं. अर्ध्याची माफी पूर्ण मिळाली, म्हणून उरलेलं अर्धं गिळलं.

तेव्हापासून मॅडमशी रंजनाच बोलते, खरी रंजना. काय बोलतात मला ठाऊक नाही. तासन् तास हसतात एवढं ऐकू येतं. मॅडमनी कॅमेरा मात्र अजून लावलेला नाही. यंदा रंजना ग्रुपमध्येही आली. गेल्या आठवड्यात कोणीतरी झेंडूच्या पिवळ्या पानाचा फोटो टाकला, तेव्हा तिने आमच्या वावरातलं एक मूळ उपटून, धुऊन, हातात धरून फोटो टाकला आणि लिहिलं — पान नका पाहू, हे पाहा. नखांना डाळिंबी रंग होता.

तिसऱ्या मिनिटाला खाली उत्तर आलं, अनोळखी नंबरवरून. “या हाताले कधी माती लागली काय?” हसण्याची तीन तोंडं.

शब्दन् शब्द माझंच वाक्य, एवढ्या दिवसांनी गावंच्या गावं हिंडून घरी आलेलं. ती ओसरीवर बसली होती, मोबाइल मांडीवर, आणि तिच्या त्या हातांना सकाळच्या निंदणाची माती अजून होती. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मग विचारलं, “कोन लिवते जी असं? त्याले घरी बायको नसन काय?”

मी म्हणालो, “नसन.”

होती. मी तो पहिला गोल ओढत होतो तेव्हा ती आतल्या खोलीत भाकरी थापत होती, आणि मधूनच विचारत होती, एवढं काय हसून राहिले जी?